बोलता येईल इतकंच चालायचं

१० नोव्हेंबर २०२०, मंगळवार

ओरलाने व्यायामाची नोंद ठेवायला सांगितली आहे. आज काय केलं, दम लागला का, पाय सुजले का, एवढंच. माझी नात तन्वी हिने तिच्याकडची एक वही दिली, वर घोड्याचं चित्र आहे. पण एवढ्यावर माझं भागायचं नाही. माझं सगळं निमूट ऐकून घेणारं एकच माणूस जगात आहे आणि ते तिकडे नागपुरात बसलं आहे. म्हणून उरलेलं या घोड्याला.

ओरला म्हणजे हृदयरोग्यांच्या व्यायामवर्गाची फिजिओथेरपिस्ट. आणि हृदयरोगी म्हणजे मी, अलकनंदा, टेलिफोन खात्यातली निवृत्त ऑपरेटर. जानेवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आले. हे आले नाहीत. थंडी सोसत नाही म्हणाले, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालेल. मार्चमध्ये विमानं बंद झाली, व्हिसा आपोआप वाढत राहिला आणि उन्हाळ्यात मला साधा जिना चढताना धाप लागायला लागली. मला वाटलं वजन वाढलं असेल, सूनबाई सगळ्यात चीज घालते. निघालं भलतंच. हृदयाचा स्नायू ताणून ढिला झाला आहे, रक्त पुरतं बाहेर ढकलत नाही. जुन्या परकराचं इलॅस्टिक होतं तसं, असं मी ह्यांना फोनवर समजावलं. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाडी घालता येत नाही का?"

डॉक्टरांनी विमानाला सध्या नाही म्हटलं आहे. शिवाय आमचं प्रतापनगरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे आधी तब्येत, मग विमान, मग जिने आणि मग हे. मला घरी जायचं आहे. दुसरं काही नको आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

करंज्यांचं सारण भाजायला घेतलं तर शैलेंद्रने हातातून झारा काढून घेतला. "आई, तू बस." आजारपण आल्यापासून या घरात माझ्यासाठी हे एकच वाक्य उरलं आहे. सून अक्षया तर पाण्याचा पेलाही हातात आणून देते. पोरगी चांगली आहे, पण मला देव्हाऱ्यात बसवून ठेवलं आहे. नैवेद्य दाखवायचा आणि हलू द्यायचं नाही.

ओरलाचं उलटं. ती म्हणते, स्नायू कमकुवत आहे म्हणून त्याला बसवून ठेवलं तर बाकीचं शरीरही त्याच्यासारखंच होतं. बेताने हलत राहायचं. हातापायांना कमी श्रमात काम करायची सवय लागली की हृदयावरचा बोजा हलका होतो. शैलेंद्र हे ऐकतो, मान डोलावतो आणि माझ्यासाठी खुर्ची ओढतो.

संध्याकाळी व्हिडिओवर ह्यांनी एकट्याने लावलेल्या पणत्या दाखवल्या. कठड्यावर एका रेषेत ठेवल्या होत्या, वीज मंडळाच्या खांबांसारख्या. कुर्त्याला इस्त्री नव्हती. फोन ठेवल्यावर रडू आलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वर्ग सगळा लॅपटॉपवर भरतो. प्रत्येक जण आपापल्या घरात खुर्ची घेऊन उभा. उठा-बसा, जागच्या जागी पावलं, रबरी पट्टा ताणणं, शेवटी हळूहळू थांबणं. माझ्या शेजारच्या चौकोनात डोनाल नावाचे म्हातारे शेतकरी आहेत. त्यांच्याही हृदयाचा स्नायू माझ्यासारखाच, आणि पायाशी कुत्रा. तो कुत्रा आमच्याबरोबर उठा-बसा करतो.

किती जोर लावायचा याचं ओरलाचं गणित मला फार आवडलं. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं म्हणजे तुम्ही चुकारपणा करताय, बोलता आलं नाही म्हणजे जास्त झालं. पावलं टाकता टाकता ती एकेकाला एक लांब वाक्य म्हणायला लावते. माझी पाळी आली तेव्हा इंग्रजी सुचेना. मी मराठीत सांगून टाकलं की आमच्याकडे आज मेथीची भाजी आहे आणि सुनेने त्यात लसूण कमी घातला आहे. ओरला म्हणाली, ग्रँड, म्हणजे इकडचं "छान". मी म्हटलं, तुला काय कळलं? ती म्हणाली, अर्थ कळायची गरज नाही, वाक्य कुठे तुटतं तेवढंच मी ऐकते.

मी जन्मभर लोकांचे कॉल जोडले. आवाज ऐकून माणसाचं वय सांगायचे. हे मात्र नवीन होतं.

३ डिसेंबर, गुरुवार

आता बाहेर चालायला परवानगी मिळाली आहे. कॅनॉलच्या काठाने सपाट रस्ता आहे, हंस आहेत, अधूनमधून बाक आहेत. शैलेंद्र म्हणाला मी येतो बरोबर, पण त्याच्या मीटिंगा संपत नाहीत. मग तोड मीच काढली. चालताना बोलायचं तर बोलायला माणूस हवं, तर ह्यांना फोन लावायचा. मी कानात फोनचं यंत्र घालून कॅनॉलवर, आणि हे तिकडे दुपारचा चहा घेऊन बंगईवर झुलत.

बोलायचं काम माझं आणि "हं" म्हणायचं ह्यांचं. लग्नापासून कामाची वाटणी हीच आहे. मी हंसांचं सांगते, शेजारच्यांनी लावलेल्या दिव्यांचं सांगते, आणि पलीकडून बंगईची करकर येत राहते. मध्येच म्हणतात, "धाप लागून राहिली तुला. हळू." मी कुरकुरते आणि हळू होते. त्यांच्याइतकं ओरलालाही कळत नाही.

दुधाची तहान ताकावर. पण ताक तरी आहे.

१४ जानेवारी २०२१, गुरुवार. संक्रांत

पुन्हा सगळं बंद आहे, पण चालायला आडकाठी नाही. आज वर्गात डोनाल पावलं टाकताना कुत्र्याविषयी सांगत होते आणि वाक्य मध्येच दोनदा तुटलं. चेहरा हसरा होता. आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही. ओरलाने मात्र सगळ्यांना थांबवलं, त्यांना बसवलं आणि त्यांच्या मुलीला फोन लावला. फुप्फुसात पाणी साचत होतं, असं मागाहून कळलं. वेळेत हॉस्पिटलमध्ये पोचले. ओरला म्हणाली, माणूस चेहऱ्याने थाप मारतो, श्वासाने नाही.

ह्यांना तिळगूळ फोनवरच दिला. "गोड बोला" म्हटलं तर म्हणाले, "तू बोल, मी ऐकून राहिलो." इतक्या वर्षांत सुधारणा नाही.

२ मार्च, मंगळवार

इको झाला. हृदय थोडं सुधारलं आहे. थोडं म्हणजे खरंच थोडं, पण डॉक्टर खूश दिसले. म्हणाले, अशीच चालत राहिलीस तर उन्हाळ्यात जायचं बघू. आता घरातल्या जिन्यावर सराव सुरू. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी. तन्वी पुढे उभी राहून "यू'र ग्रँड, आजी, कम ऑन" करते. मराठी सगळं कळतं तिला, तोंडातून मात्र डब्लिन येतं.

ह्यांना सांगितलं, उन्हाळ्यात येते. पलीकडे बंगई थांबली. मग म्हणाले, "ये." एवढंच. पण बंगई थांबवून म्हणाले.

१८ मार्च, गुरुवार

नागपुरात पुन्हा कडक लॉकडाऊन. मी ह्यांना दहा वेळा बजावलं की भाजीलासुद्धा खाली उतरायचं नाही. खालच्या मजल्यावरचा सतीश आणून देतो म्हणाले. घसा जरा खाकरत होते. विचारलं तर म्हणे फोडणीचा ठसका. बायको वर्षभर घरात नाही, फोडणी करतंय कोण?

२८ मार्च, रविवार. होळी

इथे आज घड्याळं तासभर पुढे केली. म्हणजे नागपूर आणि मी यांच्यातला एक तास कमी झाला. मला उगाचच आनंद झाला, जसं काही गावच तेवढं जवळ सरकलं. हे सांगायला फोन केला तर उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला, "पोट बरं नाही. झोपतो. उद्या." पुरणपोळी आणून दिली असेल कुणीतरी, आणि पथ्य कसलं ते माहीतच नाही.

२ एप्रिल, शुक्रवार

हल्ली ह्यांचा व्हिडिओ बंद असतो. फोनचा कॅमेरा बिघडला म्हणतात. फोनही ते स्वतःच करतात, मी केला तर लागत नाही. आणि लवकर ठेवतात. मी बोलते, ते "हं" म्हणतात, तेही दोनतीनदाच. बंगईचा आवाज येत नव्हता. विचारलं तर म्हणे तेल घातलं. वीस वर्षं मी तेल घाला म्हणून कानीकपाळी ओरडते आहे, आणि ह्यांना मी नसताना मुहूर्त सापडला.

मागे काहीतरी टूं टूं वाजत होतं. ट्रक मागे घेत असतील. कुणीतरी "काका, मास्क लावा" म्हणालं. सतीश होता म्हणे. चांगला आहे बिचारा, घरात येतानाही नियम पाळतो.

इकडे शैलेंद्रचं काहीतरी बिनसलं आहे. फोन आला की उठून बाहेर गाडीत जाऊन बसतो. काल अक्षया त्याला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणत होती, "आईंना सांगायला हवं." मी आत गेले तर दोघं गप्प. मला वाटतं आता मी त्यांना जड झाले. वर्षावर झालं, साहजिक आहे. सांगायला अवघड वाटत असेल. मी तरी काय करू, मला का इथे राहायचं आहे?

७ एप्रिल, बुधवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

कॅनॉलवर होते. ऊन होतं. ह्यांचा फोन आला, मी नेहमीसारखी सुरू झाले. जिना आता एका दमात चढते, तुमच्याआधी वर पोचेन, असं काहीतरी. मग विचारलं, तुम्ही काय जेवलात? म्हणाले, "वरण… भात… जेवून… राहिलो."

मी पुढची दोन पावलं टाकली आणि थांबले. वाक्य तीन ठिकाणी तुटलं होतं. हे चालत नव्हते, जिना चढत नव्हते, बसून होते. डोनाल आठवले. आणि त्याच्यामागोमाग बंगई, तो कॅमेरा, ते टूं टूं, गाडीत बसलेला शैलेंद्र, सगळं एकदम आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी म्हटलं, "आपला पूर्ण पत्ता सांगा. एका दमात."

म्हणाले, "कशाला?"

"सांगा."

सोसायटीच्या नावापर्यंत आले आणि तिथेच संपले. प्रतापनगरपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. मग त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, आता काही बोलू नका, ठेवा फोन, मास्क लावा.

घरी आले. शैलेंद्र दारात होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू आधी बस."

"बसणार नाही. उभ्याने सांग."

त्याने सांगितलं. आठवडा झाला बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. कोरोना. खाट सतीशने मिळवली. ऑक्सिजनवर आहेत. मला कळू द्यायचं नाही असं ह्यांनीच शपथ घालून सांगितलं होतं, तिचं हृदय नाजूक आहे म्हणून. आणि रोजच्या वेळेला तिला फोन गेला नाही तर ती ओळखेल, म्हणून मास्क काढून हे मला फोन करत होते. "हं" म्हणायला.

शैलेंद्र रडायला लागला. मी त्याला धरलं. मला धाप लागली नाही, छातीत दुखलं नाही. ज्या हृदयाला सगळे जपत होते ते मुकाट्याने चालू राहिलं. राग मात्र इतका आला आहे की मावत नाही.

८ एप्रिल, गुरुवार

विमान नाही. असलं तरी वॉर्डात कुणाला जाऊ देत नाहीत. व्यायाम केला नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

ओरलाने स्वतः फोन केला. काल वर्गाला का नव्हतीस. सांगितलं सगळं. ती म्हणाली, तू बसून राहिल्याने ते बरे होणार नाहीत, आणि बरे झाल्यावर त्यांना तू लागशील. गेले कॅनॉलवर. आज कानात कुणी नव्हतं. सारखं वाटत होतं, आत्ता "हळू" म्हणतील.

१३ एप्रिल, मंगळवार. पाडवा

तन्वीने झाडूच्या दांड्यावर माझी साडी लावून खिडकीत गुढी उभी केली. शेजारीण विचारत होती हे काय, तन्वीने तिला काय सांगितलं देव जाणे.

वॉर्डातल्या नर्सने ह्यांच्या कानाशी फोन धरला. त्यांनी बोलायचं नाही, अशी मी अट घातली. मीच बोलले. भांडले आधी. म्हटलं, मला काचेचं समजलात, एवढ्या वर्षांच्या संसारात हीच ओळख? मग रागच ओसरला. म्हटलं, अहो, मला तुम्ही हवे आहात. हे असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, आमच्यात ती पद्धत नाही. नर्स म्हणाली, काकांच्या डोळ्यांत पाणी आहे. मी म्हटलं, पुस आणि मास्क नीट कर त्यांचा.

२३ एप्रिल, शुक्रवार

ऑक्सिजन कमी करत आणला आहे. तिकडे बाकीच्यांचं जे ऐकू येतं त्यापुढे आम्ही नशीबवान. सतीशला डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू हालचाल करू द्या. म्हणजे आता माझा धडा ह्यांना. ओरलाला विचारून, त्यांच्या डॉक्टरांना विचारून सुरू केलं. पलंगावर बसल्या बसल्या पाय हलवायचे आणि रोज मला एक वाक्य म्हणून दाखवायचं. तुटलं की थांबायचं. आज म्हणाले, "चहा गोड होता." सलग. मी टाळी वाजवली, तर कॅनॉलवरचा हंस अंगावर आला.

६ मे, गुरुवार

हे घरी आले! सतीशने प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची मांडून ठेवली होती. फोन चालू ठेवूनच जिना चढले. मी इकडे आमच्या जिन्याच्या तळाशी उभी. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी, असं मी सांगत होते आणि नकळत मीही चढत होते. माझा जिना संपला, त्यांचे दोन उरले होते. मी खाली येऊन पुन्हा चढायला लागले. शैलेंद्र बघत होता. या वेळी "आई, तू बस" म्हणाला नाही. बाजूला झाला.

वर पोचल्यावर दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग बंगई करकरली. तेल कुणीही घातलेलं नाही.

१२ जून, शनिवार

काल डॉक्टरांनी सही केली. जुलैत जाते. औषधं, कागद, चाकाची खुर्ची नको म्हटलं तरी शैलेंद्रने सांगून ठेवलेली, सगळं ठरलं. अक्षयाने वरच्या प्रेसमधून माझी बॅग काढली. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, तेही आता माझ्या तोंडात बसलं. या घराचं मला वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. वाटतंय. डोनाल वर्गात परत आले आहेत. कुत्र्याचा पंजा धरून त्यांनी त्याच्याकडून मला टाटा करवला.

सकाळी कॅनॉलवर गेले. वारा नव्हता. ह्यांना फोन लावला आणि म्हटलं, आजचं वाक्य द्या. हल्ली त्यांची वाक्यं चहा आणि पाऊस यांच्यापलीकडे जात नाहीत. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

घसा साफ केला. म्हणाले, "कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे, पण मी त्याचं एक पान तोडून नाही राहिलो, कारण तू आल्यावर फोडणी करशील तेव्हा तो वास घरभर व्हायला पाहिजे आणि मी बंगईवर बसून तू काय काय बोलून राहिली ते ऐकायला पाहिजे."

एकदाही तुटलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. किती दिवस पाठ करत होते कोण जाणे.

मी थांबले. चिडवायला तोंड उघडलं, काहीतरी छान टोचून बोलणार होते, पण शब्दच फुटेना. चाल तर अगदी मंद होती, चढही नव्हता. ओरलाने बघितलं असतं तर तिथल्या तिथे बाकावर बसवलं असतं.

"हॅलो," हे म्हणत होते. "ऐकू येऊन राहिलं का तुला? बोल ना."

मी म्हटलं, "हं."